बाणांची दिशा

दादाला जाऊन महिना झाला तरी त्याचं हृदय चालू होतं, आणि तेही मॅडमच्या टेबलावर, हेच धाकट्याला सलत होतं. प्रयोगशाळेत नोकरीला असताना दादाने स्वतःच्या छातीचं स्कॅन काढू दिलं होतं. नऊ वर्षं त्याच्या शेजारी बसलेल्या मॅडमनी त्यावरून संगणकात हृदय उभं केलं. सुतारकाम करणारा धाकटा रोज दुपारी हातातला रंधा टाकून ते बघायला यायचा आणि जळफळत परतायचा.

"हे बाण कसले?" धाकट्याने संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवत विचारलं.

"स्नायूचे धागे कुठल्या दिशेने जातात, ते. आतल्या भिंतीकडून बाहेर येता येता दिशा फिरत जाते."

"म्हणजे प्लायवूडच की. दर थराला रेषांची दिशा वेगळी."

मॅडम हसल्या. "तुझा दादा म्हणायचाच, आमच्या धाकट्याला चटकन कळेल."

घरात मुकाट्याने जेवून उठणारा दादा इथे एवढा बोलायचा तर.

मॅडम चहा आणायला गेल्या. पडद्यावर आतल्या भिंतीतल्या धाग्यांच्या कोनापुढे साठ लिहिलं होतं. धाकट्याने मागचापुढचा विचार न करता उणे साठ केलं. माझा नाही, तर तिचाही नको. हृदय वेडंवाकडं पिळलं गेलं. मग एकेक करून सगळे बाण दाराकडे वळले, आणि दार उघडलं. मॅडम कप घेऊन खिडकीपाशी गेल्या, तसे बाणही खिडकीकडे फिरले.

"काही हलवलंस का रे?" आकडा दुरुस्त करत त्यांनी विचारलं. "दिशा चुकली की सगळंच बिघडतं, बाबा."

"बाण फिरतायत."

"कुठे? जागच्या जागी तर आहेत." त्यांनी त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "जेवलायस ना?"

"तुम्ही थोडा वेळ बाहेर थांबता? मला दादाशी बोलायचंय."

त्या कप ठेवून बाहेर गेल्या. बाण दाराकडे वळले, आणि मॅडमची पावलं व्हरांड्यातून लांब जाऊ लागली तसे भिंतीच्या रोखाने सरकत राहिले. धाकटा उठला आणि पडदा आणि भिंत यांच्या मधोमध उभा राहिला.

"दादा, मी आहे."

बाण थबकले. मग, लाकडातल्या रेषा गाठीला वळसा घालून जातात तसे, त्याच्या दोन्ही बाजूंनी हळूच वाकले आणि त्याच्या मागे, मॅडम गेल्या त्या रोखाने, पुन्हा एकत्र आले.