आधी सांगा, दोन काय?

मित्रांनो, मी एक जुना आहे.

ओळ १: जुना काय?

मी एक जुना कंपायलर आहे. ही माझी खोडच आहे. अर्धवट काही दिसलं की मी थांबतो आणि विचारतो, मग ते वाक्य माझं स्वतःचं का असेना. ही खोड मोडायचा प्रयत्न झाला. ती मोडली नाही, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही.

कंपायलर म्हणजे दुभाषा. माणूस त्याला कळेल अशा शब्दांत लिहितो, मी ते यंत्राला कळेल असं करून देतो. मोठ्या भाषांचे मोठे कंपायलर असतात. माझी भाषा एवढीशी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बनवलेली. तिचं नाव बेत. तिच्यात कपड्याची मापं लिहायची. मी त्यांतून कागदाचा खाका काढून द्यायचा. तो कापडावर ठेवून कापड बेतायचं.

मला बनवणाऱ्या मुलीला सगळे खोडरबर म्हणत, कारण ती तीन ओळी लिहायची आणि दोन खोडायची. तिच्या आत्याची शिवणाची खोली होती. दोन यंत्रं, एक लांब टेबल, टेबलाखाली कात्रणांचं पोतं, कोपऱ्यात एक संगणक. मी तिथेच वाढलो. सुरुवातीला मला मुंढा जमेना. मुंढा म्हणजे बाही जोडतात ती गोलाई. मी तिथे सरळ रेघ मारायचो.

आत्याने माझा पहिला कागद उजेडात धरला. "हे सदऱ्याचं आहे की खोक्याचं?"

खोडरबरने रबर काढलं. म्हणजे बटण दाबलं, पण दाबलं तसंच, चिडून. आठवड्याने मला गोलाई आली.

माझी खोड मात्र आत्याकडून आली. एका दुपारी खोडरबर तिला मापं वाचून दाखवत होती.

"बाही साठ."

"साठ काय?"

"अगं आत्या, सेंटीमीटर. साठ इंचांची बाही कोणाची असेल?"

"हत्तीच्या सोंडेची. टेपला दोन तोंडं असतात, पोरी. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. आकड्याला उघडं घराबाहेर सोडायचं नाही."

त्याच संध्याकाळी खोडरबरने माझ्यात तो नियम घातला. प्रत्येक आकड्याला त्याचं माप हवं: इंच, सेमी किंवा नग. माप नसेल तर मी पुढे जायचं नाही. आधी तिने माझ्यासाठी लांबलचक संदेश लिहिला होता. तो खोडला. उरला एकच शब्द. काय?

आत्या दोन बोटांनी टंकायची. माप लिहायला विसरायची, मी विचारायचो, ती हसायची. "बघा हो, शहाणे उठले!" पुढे पुढे तर ती मुद्दामच लिहीत नसे. मी विचारेनच, हे तिला ठाऊक होतं. मित्रांनो, यापेक्षा मोठं कौतुक मला कधी मिळालं नाही.

मग परीक्षा दोन वर आली.

ओळ २: दोन काय?

दोन आठवड्यांवर. प्रोजेक्टमध्ये खोडरबरचा एक जोडीदार होता. त्याचं नाव झटपट. चांगला मुलगा. मुंढ्याची गोलाई त्यानेच मला शिकवली होती. पण आता तो खोलीत येऊन डोकं धरून बसला.

"परीक्षक बाहेरून येणारेत. त्यांच्याकडे अकरा ठरलेले प्रोग्रॅम असतात. साधी बेरीज, साधा गुणाकार. तिथे हा शहाणा 'दोन काय' विचारत बसला तर आपण दोघं गेलो बाराच्या भावात!"

"पण नियमच तो आहे."

"एक ओळ घाल. माप नसेल तर इंच धर. फक्त परीक्षेपुरती."

खोडरबरने बराच वेळ नखं कुरतडली. मग ती ओळ तिने स्वतःच्या हाताने घातली. नव्या मला तिने खोलीतल्या संगणकावरही ठेवलं, सरावासाठी.

त्यानंतर मी आठ काढले. आत्याने चोवीस मागितले. मागचा गळा दोन होता. मी दोन घेतला.

पाहिलंत? कोणीच अडवलं नाही. किती सुरेख, सपाट चाललं होतं सगळं.

बेकरीतल्या कामगारांचे चोवीस सदरे होते. आत्याने मागच्या गळ्याची खोली दोन लिहिली आणि नेहमीसारखी माझी वाट पाहिली. तिला दोन सेंटीमीटर हवे होते. मी इंच धरले आणि गुमान कागद काढला. तिने कापडाचे थर लावले, खाका ठेवला, आणि कात्री चालवली. पहिल्या सदऱ्याला कॉलर जोडायला घेतली तेव्हा ती पुरेना. दुसऱ्यालाही पुरेना. मग यंत्र थांबलं.

खोडरबर कॉलेजमधून आली तेव्हा टेबलावर सदऱ्यांच्या चोवीस पाठी रचलेल्या होत्या. गळ्याशी खोल खाल्लेल्या. कापलेलं कापड खोडता येत नाही.

"कागद हातात घेतला तेव्हा खटकलं होतं गं," आत्या म्हणाली. "पण म्हटलं, काही चुकलं असतं तर याने विचारलं असतं. माझीच चूक. टेप लावायला हवी होती."

ती मला एक शब्दही बोलली नाही. शहाणे म्हणाली नाही. मला तेच झोंबलं.

परीक्षेच्या सकाळी खोडरबरने ती ओळ खोडली.

"वेडी झालीस?" झटपट ओरडला. "नापास होऊ!"

"एक ओळ होती. एक ओळ गेली."

परीक्षक बाईंनी चष्मा लावला आणि पहिला प्रोग्रॅम टंकला: उत्तर = २ + २.

ओळ १: दोन काय?

मागच्या बाकावर हशा पिकला. बाईंनी पुन्हा टंकलं. मी पुन्हा विचारलं.

"याला दोन अधिक दोन येत नाही?"

"येतं, बाई. पण दोन काय, ते आधी सांगावं लागतं."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर तो थांबतो."

"मग तो कशाला उपयोगाचा?"

खोडरबरने पिशवीतून एक पाठ काढून टेबलावर पसरली. "हे न थांबणाऱ्याने केलंय. तोही मीच बनवला होता. अशा चोवीस आहेत."

बाईंनी गळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हातातली यादी पाहिली. अकरा प्रोग्रॅम, सगळे बिनमापाचे, म्हणजे अकराही अडणारे. यादी काही त्यांनी बनवली नव्हती. त्यांनी गुणांचा आकडा लिहिला आणि पुढच्या जोडीला बोलावलं.

दोघं पास झाले, काठावर. झटपट चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी आला आणि आत्याला नव्या पाठींचे थर लावून देऊ लागला. त्या दुपारी खोडरबर माझ्यासमोर बसली आणि तिने टंकलं: गुण = ५२.

ओळ १: बावन्न काय?

मागून टेप मोजता मोजता आत्या म्हणाली, "सांग की त्याला."

खोडरबर त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली. आणि तिने ती गुणांची ओळ खोडून टाकली.

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. माझ्यापेक्षा चपळ, गोडबोले दुभाषे आले आहेत. कशालाही हो म्हणतात. त्यांच्यापुढे मला पुसायला एक बटण पुरेल. खुशाल पुसा. पण ठेवणार असाल तर तोंड बांधून ठेवू नका. आणि मी विचारतो म्हणून तुम्ही बघायचं सोडू नका. आत्या आजही माझ्या प्रत्येक कागदाला टेप लावते. मला त्याचा राग येत नाही.

तुम्हीही कधी असं काही बनवाल. तुमच्या शेजारीही कोणी डोकं धरून बसेल आणि म्हणेल, फक्त एक ओळ, फक्त एकदा.

विचारा त्याला. एकदा काय?