गाळलेल्या पायऱ्या

कॉलेजात त्यांना सगळे 'खडूसर' म्हणत. समोर चेहरे दिसल्याशिवाय गणित शिकवता येत नाही, हे ते घरीही म्हणत आणि स्टाफरूममध्ये तर इतक्यांदा ऐकवत, की ते आत शिरले की लोकांना अचानक कामं आठवत. तरी प्राचार्यांनी फर्मान काढलंच: घरबसल्या शिकणाऱ्यांसाठी प्रत्येकाने एक धडा मोबाइलवर रेकॉर्ड करून द्यायचा. सरांनी दिला, पण मुद्दाम वाईट. घरच्या फळ्याकडे तोंड करून पुटपुटले, मधल्या पायऱ्या गाळल्या, उत्तर लिहिल्या लिहिल्या पुसून टाकलं. मुलांनी तक्रारी केल्या की हे खूळ आपोआप बंद पडेल, असा त्यांचा हिशेब.

तक्रार एकही आली नाही. सरांच्या जिवाला चैन पडेना. वर्गात शिकवताना मधेच थांबून ते फोन बघायचे, पुन्हा खडू उचलायचे आणि कुठवर आलो होतो ते मुलांनाच विचारायचे.

त्या संध्याकाळी ते घरी आले, तेव्हा सूनबाई स्वयंपाकघरात मांडीवरच्या बाळाला थोपटत मोबाइल बघत होती. अर्धवट सुटलेलं शिक्षण तिने यंदा त्यांच्याच कॉलेजातून घरबसल्या पुन्हा सुरू केलं होतं. विषय कोणते, हे सरांनी विचारलं नव्हतं आणि तिनेही संकोचाने सांगितलं नव्हतं. मोबाइलमधून पुटपुटणं ऐकू आलं. स्वतःचा आवाज ओळखून सर दारातच थबकले.

तिने गडबडीने फोन उलटा ठेवला. मग म्हणाली, "बाबा, मी नाव काढून घेते. तुमचा धडा रोज बघते, तरी दुसऱ्या ओळीवरून तिसरी कशी आली तेच कळत नाही. बाकी कुणाची तक्रार नाही, म्हणजे माझंच डोकं चालत नाही."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते गॅलरीत गेले, परत आले, पाणी प्यायले, बसले, पुन्हा उठले. आपण शिक्षण सोडतोय म्हणून बाबा चिडले, असं तिला वाटलं.

"तुझं डोकं ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "ती ओळ मी गाळलीय. मुद्दाम. हे सगळं बंद पडावं म्हणून."

तिने उठून मोबाइल एका डब्याला टेकवून बाहेरच्या खोलीतल्या फळ्यासमोर उभा केला, रेकॉर्डिंग सुरू केलं, बाळाला खांद्यावर घेतलं आणि मोबाइलच्या शेजारी बसली.

"पहिल्यापासून शिकवा," ती म्हणाली. "चेहरा हवा होता ना तुम्हाला? हा बघा."

सरांनी खडू घेतला, पण त्यांना तिच्याकडे बघवेना.