नणंदबाईंच्या हातचा चहा

पोलीस ठाण्यात साहेबांनी टेबलावरून फोटो पुढे सरकवला. स्कूटरवर आमचे हे, आणि मागे ती. ह्यांच्या खांद्यावर हात टाकून, ऐटीत!

"सरकारविरुद्ध पत्रकं छापली म्हणून तुमचे यजमान आत आहेत. तोंड उघडत नाहीत. ही बाई कोण?"

मला माहीत होतं. पत्रकं तीच लिहायची. ह्यांच्या तोंडी उठता-बसता तिचंच कौतुक. तिची भाषा काय, तिची हिंमत काय! मी भाजी निवडत हं-हं करायची, पण अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. माझ्या घराचा उंबरा मात्र तिला कधी ओलांडू दिला नाही.

नाव सांगितलं असतं, तर पीडा टळली असती. अगदी जिभेवर आलं होतं. पण ठाण्याच्या त्या बाकावर बसून मी आतले ओरडण्याचे आवाज ऐकले होते. बायकांचेही.

"माझी नणंद," मी म्हणाले. "ह्यांची मावसबहीण. आमच्याकडेच असते."

"अस्सं? मग उद्या सकाळी चहालाच येतो."

झालं! तिच्याच दारात जाऊन तिला घरी आणावं लागलं. मुकाट्याने आली बिचारी. बिचारी कसली, सटवी! मी तिला बाहेरच्या खोलीत अंथरूण दिलं, जेवणाचं ताट तिथेच नेऊन आदळलं. नवरा गेला तर गेला, निदान स्वयंपाकघर तरी माझं राहू दे.

सकाळी साहेब ऐसपैस बसले. मी उठले, तर म्हणाले, "तुम्ही बसा हो. नणंदबाई करतील की चहा."

मुंग्यांच्या त्रासाने मी साखर वरच्या फळीवर, शिलाई मशीनच्या खोक्यामागे ठेवते. रागाच्या भरात तिला काही म्हणजे काही दाखवलं नव्हतं. आता ही डबे धुंडाळत बसली, की गेलो दोघीही. साहेब कान टवकारून बसले होते.

आत स्टूल सरकलं. एक झाकण उघडलं. एकच.

सुटले, असं वाटलं. आणि मग आठवलं, उन्हाळ्यात मी महिनाभर माहेरी होते.

चहा आला. साहेबांनी घोट घेऊन मान डोलावली. "घरचीच आहे हो."

"घरचीच," मी म्हणाले.

साहेब गेले. ती खाली मान घालून उभी होती. "वहिनी..."

"कप धुऊन ठेव," मी म्हणाले. "जागा तुला माहीत आहे."