क्लच नसलेली मोटार

मी भरे गावच्या हैबतरावांची मोटार. इंजिन सुरू झालं की मला गप्प उभं राहवत नाही. माझ्यात क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. गिअरची दांडी ‘डी’वर ओढून ब्रेकवरचा पाय उचलला, की ॲक्सिलरेटर न दाबताही मी पुढं सरकू लागते.

जन्म अमेरिकेतला. पुण्यातल्या एका साहेबाकडे काही वर्षं राहिले. तो मायदेशी निघाला तेव्हा हैबतरावांनी मला घेतलं. लढाईत त्यांचा डावा पाय गेला होता. क्लच दाबता येत नाही म्हणून त्यांची गाडी चालवायची हौस मनातच राहिली होती. पहिल्या दिवशी पिरंगुटपर्यंत जाऊन आलो तेव्हा ते एकटेच मोठ्यानं हसले.

पण त्यांचा स्वभाव भारी उतावळा. हँडब्रेक सोडायचं विसरायचे, मध्येच दार उघडायचे. त्यांच्या हाताखाली माझाही जीव खालीवर व्हायचा.

एकदा दुपारी आम्ही पौडला निघालो होतो. शेजारी त्यांच्या पत्नी, तुळजाबाई. वाटेत सिद्धू धनगराची मेंढरं आडवी आली. हैबतरावांनी हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. शेवटी वैतागून कुबडी घेतली आणि उतरले. इंजिन चालू, दांडी ‘डी’वरच! चाकापुढं धोंडा होता, म्हणून मी थांबल्यासारखी दिसले.

धोंडा निसटला. मी निघाले.

समोर सिद्धूची बायको बानूबाई वाकून कोकरू उचलत होती. तिची पाठ माझ्याकडे.

“बाने, सर! सर बाजूला!” हैबतराव ओरडले. कुबडीवर धावायचं तरी किती? मेंढरांच्या गलक्यात तिला काही ऐकू गेलं नाही.

तुळजाबाई सीटवरून हैबतरावांच्या बाजूला, पेडलांपाशी खाली घसरल्या. हात आधी ॲक्सिलरेटरवर पडला, मी गुरगुरून उसळले. त्यांनी हात झटकला आणि शेजारच्या रुंद ब्रेकवर दोन्ही हातांनी अंग टाकलं. मी थरथरत थांबले. माझा बंपर बानूबाईच्या लुगड्याला टेकला होता.

ती वळली, कोकरू छातीशी धरून खालीच बसली. “मालक, माणसं हायेत हितं!”

आतून तुळजाबाईंचा आवाज आला, “अवो, हात सोडू का? पुन्हा पळंल का ही?”

“सोडू नगं!” हैबतराव लंगडत आले. दांडी चाकं जखडणाऱ्या ‘पी’वर ढकलली, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“उद्यापास्नं मला शिकवा,” तुळजाबाई म्हणाल्या. “न्हाईतर मी पुन्हा ह्या गाडीत बसायची न्हाई.”

त्या शिकल्या. पाय ब्रेकवर, दांडी ‘पी’वर, मग किल्ली. हँडब्रेक सोडून ‘डी’, आणि पाय हळूहळू वर. उतरताना आधी ‘पी’, हँडब्रेक, किल्ली बंद, मगच दार. हैबतराव शेजारी बसून चुळबुळत, पण तोंड उघडत नसत.

पुढं माझा गिअरबॉक्स झिजला. सुटे भाग मिळेनात, तशी मी गोठ्याशेजारी धूळ खात पडले. परवा पुण्याच्या मेकॅनिकनं दुसऱ्या मोडक्या गाडीचा गिअरबॉक्स आणून बसवला. उद्या हैबतरावांची सून जया पहिल्यांदा चालवायला बसणार आहे. आत्तापासूनच माझं चित्त थाऱ्यावर नाही.

पोरी, मला खुशाल पळव. मला तेच आवडतं. फक्त इंजिन चालू असताना मी उभी दिसले, तरी माझ्या भरवशावर उतरू नकोस. तेव्हाही मी निघालेलीच असते.