दिवस मावळायच्या आतला घास

मित्रांनो, फळीवर धूळ खात पडलेल्या ज्या पेटीला तुम्ही कोंबडीचं खुराडं समजलात, ती म्हणजे मी, एक जुना रेडिओ. सध्या माझ्या पोटात एका उंदरिणीचा संसार आहे. हसा खुशाल! पण एके काळी माझा आवाज ऐकायला अर्धा गाव घराच्या या पुढच्या सोप्यात दाटीवाटीने बसायचा.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत हळदीला भाव आला, तेव्हा धरणेंद्र आण्णांनी मला मुंबईहून आणलं. सांगलीपासून जवळच, कृष्णाकाठी त्यांचं गाव. तिथे वीज कसली असणार? माझ्याबरोबर एक जड बॅटरी आली. ती संपली की बैलगाडीतून सांगलीला भरायला जायची, आणि परत येईपर्यंत मी मुका. आण्णा मला रोज फडक्याने पुसत. दुसऱ्या कुणाची माझ्या बटणाला हात लावायची छाती नव्हती.

गुणमाला ही त्यांची एकुलती एक लेक. चार वर्षांची, आणि जेवायचं म्हटलं की नाक मुरडणारी. घर जैनांचं, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायलाच हवीत. मावळल्यावर पोरीच्या तोंडात दाणा जायचा नाही. म्हणून दिवस कलला की तिची आई प्रभावती तिला ओट्यावर मांडीवर घेई आणि गोष्ट सांगत सांगत भरवी. गोष्ट तिची स्वतःचीच. हळद साठवायचं पेव असतं ना, जमिनीतला खोल काळोखा खड्डा, त्यात एक चिमणी पडलेली असे. दर घासाला ती थोडी थोडी वर चढे, आणि शेवटचा घास गेला की भुर्रकन बाहेर. गुणाने तोंड फिरवलं की चिमणी घसरलीच म्हणून समजा! मग पोर घाबरून लगेच आ करी.

मी आलो आणि नेमका त्याच वेळेला बोलू लागलो. आण्णांना लढाईच्या बातम्या हव्या असत, आणि त्याआधी मुंबईच्या एक बाई मुलांशी गोड आवाजात बोलत. गुणा माझ्यासमोर जी बसली, ती उठेचना. जेवायच्या आधीच दिवस मावळू लागला आणि पोर उपाशी झोपू लागली. आईचा जीव तो! तिने ताटच माझ्यापुढे आणलं. आणि काय सांगू, पोर माझ्याकडे टक लावून बघे आणि तोंड आपोआप उघडे.

"बघ, कशी शहाण्यावानी जेवतीया," आण्णा खूश होऊन म्हणाले. "शुद्ध बोलाय बी शिकंल."

एकदा प्रभावतीने मध्येच चिमणीची गोष्ट काढली. गुणाने मान न वळवता तिच्या तोंडावर हात ठेवला.

"गप की गं आई! बाई बोलत्यात."

प्रभावतीने त्यानंतर ती गोष्ट काढलीच नाही. भांडी आवरताना मात्र ती आण्णांना म्हणाली, "आवं, घास पोटात जातोय, पर कोण भरवतंय हे तिला ठावं न्हाई. काल मी उठून गेले, शेजारच्या रंगुबाईनं भरवलं, तरी हिनं वळून बघितलं न्हाई. हाक मारली तर ओ देत न्हाई. ही सवय बरी न्हवं."

"आगं, लेकरू हाय. मोठी झाली की सुटंल. जेवतीया न्हवं? मग झालं."

पुढच्या पावसाळ्यात गावात मुदतीचा ताप आला. गुणा अंथरुणाला खिळली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि तोंडात एकच, "आण्णा, बाई लावा." आण्णांनी मला तिच्या उशाशी ठेवलं. मी बोलत राहिलो, अगदी बॅटरी संपेपर्यंत. बॅटरी भरायला सांगलीला गेली आणि इकडे पोरीचा ताप उतरला. अंगावर नुसती हाडं राहिली होती, पण पोर वाचली होती. प्रभावतीने देवळात जाऊन डोकं टेकलं.

गुणा पुन्हा माझ्यापुढे येऊन बसू लागली. मी मुका, तरी बसे. आई मागून हाक मारी, ती वळत नसे. कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. माझ्यापुढे असताना ती कधी वळली होती?

मग बॅटरी भरून आली. आण्णांनी हौसेने बटण फिरवलं. बाईंचा आवाज सोप्यात घुमला. गुणा वाट बघत बसली.

"आण्णा, लावा की."

"लावलाय की गं."

त्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. पोरीने माझ्या तोंडावरच्या कापडाला कान टेकला आणि रडकुंडीला येऊन विचारलं, "बॅटरी भरून आणली न्हाई व्हय?"

"गुणाऽ!" प्रभावती मागून किंचाळली. गुणा वळली नाही. तेव्हा कुठे आण्णांचा चेहरा पांढराफटक पडला.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं. तापात कान गेले होते, आणि त्याला औषध नव्हतं. घरी आल्यावर आण्णांनी माझ्या तारा उपसून टाकल्या.

"तिला ऐकाय यायचं तेवढंच दिस हुतं," ते प्रभावतीला म्हणाले, "आन ते सगळं मी ह्या पेटीला दिलं." एवढा मोठा माणूस, पण लेकरासारखा रडला. मी फळीवर पडलोय तो तेव्हापासून.

फळीवरून मला ओटा दिसतो. प्रभावती पुन्हा लेकीला मांडीवर घेऊन भरवू लागली. एका संध्याकाळी घास खाता खाता गुणाने विचारलं, "आई, ती चिमणी पेवातनं वर आली का गं?"

"आली गं बाळा, आली की!" प्रभावती म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, मग ओरडून. हातांचे पंख करून दाखवले. गुणा तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिने आईचं तोंड दोन्ही हातांनी धरून हलवलं.

"सांग की गं. मी आता गप म्हणणार न्हाई."

दिवस मावळला. उरलेला घास ताटातच राहिला.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझी भावंडं बोलत असतील. जेवायच्या वेळी त्यांना खुशाल बंद करा. घास भरवणारं माणूस काय सांगतंय ते आधी ऐका. आमचं ऐकायचं राहिलं तरी चालेल.