रायरांची बढती

बढती झाली की माणसानं पेढे वाटावेत. मी मात्र तोंड पाडून तंजावूरच्या गाडीत बसलो होतो. चौसष्ट सालची गोष्ट. मद्रासच्या ज्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं मोटारींच्या पिस्टन रिंगा घडवल्या, त्यानं पुण्याला नवा कारखाना काढला आणि मला तिथला चीफ इंजिनिअर नेमलं. मॅनेजर राममूर्ती माझा हात हातात घेऊन म्हणाले, "रायर, तुम्हाला काय, तुम्ही आपल्या गावी चाललात."

तंजावूरच्या आम्हा मराठी लोकांना तमिळ माणसं रायर म्हणतात. नऊ-दहा पिढ्या इथं गेल्या तरी आम्ही थोडे बाहेरचेच. त्यामुळे राममूर्तींचं बोलणं मला खरं वाटलं. बायको गेल्यापासून माझ्या मद्रासच्या घरात मराठी बोलायला भिंतींखेरीज कुणी उरलं नव्हतं. पुण्यात दूधवाल्याशीसुद्धा मराठीत बोलता येईल! हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तसं झालं माझं.

जागा बघायला चार दिवस पुण्याला जाऊन आलो. पहिल्याच सकाळी तिथल्या फोरमनला विचारलं, "हा साचा कोणीं केला, मज सांगाल कां?" त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि इंग्रजीत उत्तर दिलं. दुकानांच्या पाट्या मला वाचता येईनात, कारण आमच्या घरी मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ अक्षरांत. कचेरीत हातात आलेली नोटीस मी नुसती घडी करून खिशात घातली. चौथ्या दिवशी दारापलीकडून ऐकू आलं, "मद्रासी साहेबांचं मराठी ऐकलंस का? गंमत वाटते." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. मद्रासला रायर, पुण्याला मद्रासी. ना धड इकडचा, ना तिकडचा.

म्हणून मी राजमक्काकडे आलो. ही माझी थोरली बहीण. विधवा, राजवाड्यामागच्या गल्लीत एकटी राहायची. दर आठवड्याला तिचं पत्र यायचं, तमिळ अक्षरांत आमची मराठी. ती 'जाऊ नको' म्हणाली असती तर मी बढती नाकारणार होतो. तिनं तसं म्हणावं म्हणूनच आलो होतो. सेहेचाळीस वर्षांचा इंजिनिअर, आणि स्वतःहून नाही म्हणायची छाती नाही.

बातमी ऐकून अक्कानं आधी देवापुढं दिवा लावला. मग माझ्यासमोर कॉफी ठेवून बसली.

"तिथं सगळीं आपल्यासारखीं बोलत्यात कां रे?"

इतक्या आशेनं तिनं विचारलं की माझ्या तोंडून निघून गेलं, "अगदी तुझ्यासारखीं."

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तर मी पण येत्यें, चिदंबर. ह्या गल्लींत आपलीं होतीं तीं सगळीं गेलीं. तूं मागें आलास त्यानंतर मी कोणाशी आपलं बोललें नाहीं. देवाशी बोलत्यें. तो ऐकून घेतो, उत्तर देत नाहीं."

मला वाटलं होतं एकटा मीच आहे.

दुपारपर्यंत तिनं गल्लीभर तमिळमध्ये सांगून टाकलं की रायर आपल्या देशी परत चालले. तुळशीची कुंडी शेजारच्या सरोजाला देऊन आली. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडून लुगडी भरायला बसली, आणि भरताना गुणगुणत होती. आता मला पाहवेना.

"अक्का, मी खोटं बोललों." मग फोरमन, पाट्या, मद्रासी साहेब, सगळंच सांगून टाकलं.

तिनं हातातलं लुगडं न ठेवता ऐकून घेतलं. रागावली नाही.

"हसूं देत," ती म्हणाली. "आपण दोघं घरांत बोलूं, तेवढं पुरे. एकच सांग. तुझे साहेब लोक घरीं आले, आणि मी त्यांच्याशी बोललें, तर तुला लाज वाटेल कां?"

'छे' म्हणायला किती वेळ लागतो? माझ्या डोळ्यांपुढं तो फोरमन आला, त्याचं ते निरखून बघणं आलं. मग मी म्हणालो, "छे, लाज कसली." पण उशीर झाला होता, आणि अक्काला तो कळला होता. त्या क्षणाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तिनं लुगडी एकेक करून परत फळीवर ठेवली. सरोजाकडे जाऊन तुळस मागून आणली. "जा तूं," एवढंच म्हणाली. सकाळच्या गाडीला डब्यात चिंचेचा भात, आमची पुळिओदरै, बांधून दिली, स्टेशनवर आली, आणि गाडी सुटेपर्यंत माझ्या बाहीवरची धूळ झटकत राहिली.

मी पुण्याला रुजू झालो. दारावर माझ्या नावाची देवनागरी पाटी लागली. ती बरोबर आहे की नाही, हे मला शिपायाला विचारावं लागलं.

पंधरा दिवसांनी अक्काचं पत्र आलं. मी केबिनचं दार लावून घेतलं आणि नेहमीसारखं हळू आवाजात वाचायला लागलो. अक्षरं तमिळ होती, ती नेहमीच असत. या वेळी भाषाही तमिळच होती.