सरांचा डबा

गुणवंतानं फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘रन’ लिहिलं आणि खडूचे हात झटकले. एवढासा शब्द, पण डिक्शनरीची पानंच्या पानं खातो, हे तो दरवर्षी नव्यानं शोध लागल्यासारखं सांगायचा. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या एका खाजगी हिंदी शाळेत तो इंग्रजी शिकवायचा, आणि एकदा फाटकातून आत शिरला की शुद्ध हिंदीशिवाय बोलायचा नाही. घर जाम नदीपलीकडे, सावरगावात. घरची बोली तो रोज सकाळी पुलावरच ठेवून यायचा.

‘रन’चे पाच अर्थ हिंदीत लिहून आणा, असं त्यानं काल सांगितलं होतं. चंचलची वही त्यानं मुद्दामच उचलली. ती यंदाच तिगावच्या मराठी शाळेतून आली होती. तिनं अर्थ हिंदीऐवजी घरच्या बोलीत लिहिले होते. त्यानं मोठ्यानं वाचलं, “माय पयते. नयाचं पानी वायते. लुगड्याचा रंग जाते. आजी दुकान चालवते. नाक वायते.”

नाकापाशी वर्ग खदखदला. गुणवंताही हसला, वर “फिर से पढ़ूँ?” असं विचारायला विसरला नाही. पळणं, नळाचं पाणी वाहणं, रंग जाणं, दुकान चालवणं, नाक वाहणं, पाचही अर्थ बरोबर आहेत हे त्याला वाचतानाच कळलं होतं. चंचल मान खाली घालून बाकावर नखानं रेघ ओढत राहिली.

तेवढ्यात त्याचं लक्ष दाराकडे गेलं. त्याची आई, पंचफुला, चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभी होती. हातात त्याचा घरी राहिलेला डबा. किती वेळची उभी होती कोण जाणे. गुणवंतानं वही घाईनं मिटली. आता ही ‘डब्बा इसरला नं बाप्पा’ म्हणणार, आणि उद्यापासून पोरं त्याला ‘बाप्पा’ म्हणूनच हाक मारणार.

पंचफुलानं आधी चंचलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“सरजी,” ती म्हणाली, “आपका डब्बा.”

जन्मात तिनं त्याला ‘आप’ म्हटलं नव्हतं.

“रख दीजिए,” गुणवंता म्हणाला.

ती डबा टेबलावर ठेवून गेली.

“कौन थी, सर?” पुढच्या बाकावरच्या भूपेंद्रनं विचारलं.

“किताब खोलो.”

संध्याकाळी घरी ती रोजच्यासारखीच वागली. चहा दिला, समोर तांदूळ निवडत बसली.

“त्या पोरीनं काय चुकीचं लिवलं होतं रे?”

“काही नाही, माय.”

“मंग सारे हासून काहून राहिले होते?”

ती ‘सारे’ म्हणाली, ‘तू’ म्हणाली नाही. गुणवंताला स्वतःची लाज वाटली, इतकी की चहाचा कप तसाच राहिला. सकाळच्या ‘रख दीजिए’बद्दल ती काही बोलेल म्हणून तो वाट बघत बसला. ती तांदूळ निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात चंचलच्या वहीवर पाचपैकी पाच दिले आणि तसं सगळ्यांना सांगितलं. ते सोपं होतं. डबा मात्र तो मुद्दाम घरी फळीवर ठेवून आला होता. माय दारात आली की तिला आत बोलवायचं, पोरांसमोर उभं करायचं आणि ही माझी आई असं म्हणायचं, हे त्यानं पुलावरून येताना चारदा घोकलं होतं. साडेअकरा वाजले, काल ती आली होती ती वेळ झाली, तसा शिकवता शिकवता तो सारखा दाराकडे बघू लागला.

डबा आला. शिपाई घेऊन आला.

“एक बाई गेट पर दे गईं. बोलीं, सर को बुलाना मत.”

गुणवंता खिडकीशी गेला. डोक्यावर पदर घेतलेली पंचफुला वळणापाशी पोचली होती.

“माय,” त्यानं गजांतून जोरात हाक मारली. “थांब नं, माय.”

मागे पोरांनी माना वळवल्या. पंचफुला थांबली. पण खिडकीकडे बघण्याआधी तिनं घाईघाईनं आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.